धक्क्यावरून इंग्रजीकडे
(रेवस येथे शिक्षक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा अंश)



सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) निकषानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला शिक्षक दोन. इयत्ता मात्र चार-पाच. एकाच खोलीत कुणी वाक्य वाचतो, कुणाला अक्षरओळखही नसते. सर्वांना एकाच वेगाने शिकविले, तर मागे पडलेले मूल गप्प बसते आणि पुढे गप्पच राहते.

रेवसच्या मुलांच्या तोंडी जेटी, लाँच, इंजिन, तिकीट, डिझेल हे शब्द आधीच आहेत. आरंभ तेथूनच करावा. फळ्यावर लाँचचे एकच चित्र काढावे. पहिल्या गटाने वस्तू दाखवून नाव उच्चारावे, दुसऱ्याने शब्द वाचावा, तिसऱ्याने वाक्य लिहावे. मग पुढच्या मुलाने मागच्याला शिकवावे. त्याने शिकविणाऱ्याचेही ज्ञान पक्के होते. मात्र गट वरचेवर बदलावेत. गट हा कपाळावरचा शिक्का होऊ नये.

अर्थ सांगताना मुलाला त्याच्या कोळी-आगरी बोलीत बोलू द्यावे. घरची भाषा हिणवून परकी भाषा येत नाही. इंग्रजी अवश्य शिकावी. पण लाँचमध्ये पाऊल टाकताना दुसरा पाय धक्क्यावर भक्कम रोवलेला असावा लागतो. आपला धक्का मायबोलीचा आहे.