पोच

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत. ज्यानं कोणी ही म्हण पहिल्यांदा उच्चारली, त्याच्या चपला तारखांना जाऊन जाऊन नक्कीच झिजल्या असणार. पण पायरी चढायची की नाही, हे ठरवणं आपल्या हातात आहे, असं ही म्हण धरून चालते. प्रत्यक्षात पुष्कळदा पायरीच आपल्या दारात येते. पोस्टमन रजिस्टर पाकीट देतो, बेलीफ सही घेतो, तलाठी कार्यालयाची नोटीस येते. अशा वेळी शहाणपण कशात आहे, ते म्हण सांगत नाही.

आमच्या खेड तालुक्यात अशा कागदाचं काय होतं, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कागद आधी कपाळाला लावतात, मग देवाच्या किंवा कुराणशरीफच्या फळीवर ठेवतात, नाहीतर कॅलेंडरच्या मागं खोचतात. ‘गणपतीला मुलगा मुंबईहून आला की दाखवू’, ‘ईदला थोरला कुवेतहून येतोय, तो बघेल’ असं म्हणत दिवस जातात. कागदाला मात्र गणपती आणि ईद ठाऊक नसते. दिवाणी दाव्याचं समन्स मिळालं की तीस दिवसांत कैफियत द्यावी लागते. कोर्ट फार तर ती मुदत वाढवून देतं. कोणी हजरच झालं नाही, तर दावा एकतर्फी चालतो आणि निकालही एकतर्फी लागतो. मुलगा येतो तेव्हा हातात नोटीस नसते, हुकूमनामा असतो.

कोकणानं याची किंमत पूर्वी मोजलेली आहे. इथं खोती होती. कबुलायतीवर अंगठा उठवणाऱ्याला वर काय लिहिलं आहे ते कळत नसे. शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. एवढा मोठा हक्क कायद्यानं घरपोच दिला. पण त्याच कायद्यात असंही होतं, की किंमत ठरवण्यासाठी बोलावल्यावर कूळ हजर राहिलं नाही, तर त्याला जमीन घ्यायची नाही असं समजून खरेदी निष्फळ ठरवावी. पुढं अशा कुळांना पुन्हा संधी देणारी कलमंही घातली गेली. तरी विचार करा. ज्याला नोटीस वाचता येत नव्हती, तो ‘नको’ म्हणाला नव्हता. तो फक्त आला नव्हता. कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही एकच झालं.

हे न्यायालयांच्याही लक्षात आलं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ३९-अ हे कलम आलं आणि मोफत कायदेशीर मदत देणं हे राज्याचं काम ठरलं. १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या कैदी स्त्रियांची स्थिती पत्रानं कळवली, तेव्हा १९८३ साली त्यांच्यासाठी कायदेशीर मदतीचे आदेश निघाले. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९८६ चा सुकदास खटला. अरुणाचल प्रदेशातल्या या सरकारी नोकराला वकिलाशिवाय शिक्षा झाली होती. त्यानं वकील मागितला नव्हता, कारण मागता येतो हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. न्यायमूर्ती भगवती यांच्या न्यायपीठानं ती शिक्षा रद्द केली. लोकांना ठाऊकच नसेल तर मदतीची योजना कागदावर राहते, म्हणून कायद्याची साक्षरता हवी, असं त्या निकालपत्रात म्हटलं आहे.

विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. राज्य, जिल्हा, तालुका अशी त्याची उतरंड आहे. तालुक्याची विधी सेवा समिती तिथल्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली काम करते. मदत कोणाला मिळेल याची यादी कलम बारामध्ये आहे. ती वाचताना मला आमचाच तालुका दिसतो. औद्योगिक कामगार म्हटलं की लोट्याची वसाहत आठवते. पूरग्रस्त आणि आपद्ग्रस्त म्हटलं की जुलै २०२१ मध्ये जगबुडीचं पाणी शिरलेली खेडची बाजारपेठ आणि त्याच पावसात दरड कोसळलेलं पोसरे आठवतं. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, अटकेतला माणूस हे सारे त्या यादीत आहेत. ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेला कोणीही आहे. आणि प्रत्येक स्त्री आहे, प्रत्येक मूल आहे. स्त्रीला उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही. ही एक ओळ खेडच्या एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरांत लिहावी, असं मला फार वाटतं.

ही माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी गावोगाव शिबिरं होतात. काही शिबिरांत हार, प्रास्ताविक, कलमांचे आकडे आणि आभार एवढंच होतं. लोक चहा घेऊन उठतात. पण एका गावातल्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात मी वेगळा प्रकार पाहिला. तिथं शिकवणाऱ्या वकीलबाईंनी ओळीनं चार रविवार वर्ग घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: नोटीस, समन्स, वॉरंट. म्हणाल्या, “घाबरायचं कधी आणि धावायचं कधी, एवढंच आज शिकू.” दुसऱ्या रविवारी प्रत्येकानं घरातला एक कागद आणायचा होता. कोणी लुंगीच्या टोकात, कोणी प्लास्टिकच्या पिशवीत, कोणी औषधाच्या खोक्यात कागद घेऊन आलं. चाळिशीतले लोक पाटीवर गिरवावं तसं बोट ठेवून वाचू लागले. कोणी पाठवलंय? कोणाच्या नावानं? तारीख कोणती? किती दिवसांत काय करायचंय? या चार प्रश्नांवर तो वर्ग चालला.

मी कवी म्हणून शब्द ऐकत बसलो होतो. वकील, फिर्याद, दावा, तारीख, हरकत, जामीन, मुखत्यार, वारस हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करून अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी कचेरीतून हे शब्द हलले नाहीत. ‘हक्कसोड’ हा शब्द पाहा. अरबी ‘हक्क’ आणि आपलं ‘सोडणं’ यांचा हा जोडशब्द. बहिणींकडून भावांनी लिहून घ्यायचा तो कागद. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा दिला. मुस्लिम वारसाहक्कात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे. कायदे वेगळे, पण सही मागण्याची पद्धत एकच. माहेरी जेवायला बोलवायचं आणि पान वाढण्याआधी कागद पुढं करायचा. वर्गात एका आपांनी विचारलं, “सही केली नाही तर भाऊ तुटेल, त्याचं काय?” वकीलबाई म्हणाल्या, “आपा, द्यायचं तर द्या. पण काय देताय ते आधी माहीत असू द्या.” त्या सभागृहात बराच वेळ कोणी बोललं नाही.

तिसऱ्या रविवारी साठीतल्या एक काकी आल्या. पती वारलेले, दीर मुंबईला. जमिनीच्या फेरफाराची नोटीस त्यांना मिळून अकरा दिवस झाले होते. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची. काकींना वाटत होतं, नोटीस आली म्हणजे जमीन गेली. वकीलबाईंनी साध्या कागदावर हरकत लिहायला सांगितली. काकी बोलत गेल्या, शेजारची कॉलेजातली मुलगी लिहीत गेली. मग वकीलबाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: “काकी, कागद देऊन तशाच परतू नका. पोच घ्या.” जमीन महसूल कायद्याप्रमाणे हरकत आली की तिची लेखी पोच तिथल्या तिथं देणं आणि तक्रारीच्या नोंदवहीत ती लिहिणं हे त्या कर्मचाऱ्याचं कर्तव्य आहे. मग दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय नोंद मंजूर होत नाही. चौथ्या रविवारी काकी ती पोच घेऊन आल्या. निकाल लागायचा होता, सुनावणीची तारीखही पडायची होती. पण त्या चिठोऱ्याकडे त्या ज्या नजरेनं पाहत होत्या, ती नजर आधीच्या रविवारची नव्हती. त्यांचं म्हणणं सरकारदरबारी पोचलं होतं, आणि ते पोचल्याचा पुरावा त्यांच्या हातात होता.

श्रोतेहो, मोफत वकील हवाच. अर्ज साध्या कागदावर करता येतो. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च समिती सोसते. १५१०० हा मोफत फोन नंबर आहे. लोकन्यायालयात तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी तडजोड वाचून घ्यावी. पण वकील येतो तो नंतर. त्याच्या आधी कागद आणि माणूस अशी दोघांचीच भेट असते. त्या भेटीत माणूस एकटा पडू नये, म्हणून हे वर्ग हवेत. आणि ते वर्षातून एकदा, हारतुऱ्यांत नकोत. वाचनालयात, मोहल्ल्यात, वाडीवर, बचत गटाच्या बैठकीत ते नेमानं चालावेत. निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजातली मुलं आहेत, समितीचे विधी स्वयंसेवक आहेत. फळा आणि खडू तर प्रत्येक शाळेत आहे.

आपल्या भाषेत समज नसलेल्या माणसाला ‘पोच नाही’ म्हणतात, आणि कागद मिळाल्याच्या पावतीलाही ‘पोच’च म्हणतात. भाषेनं हे दोन अर्थ उगीच एकत्र ठेवले नसावेत. ज्याच्या हातात पोच नाही, त्यालाच कचेरीत ‘तुला पोच नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं. घरात कॅलेंडरमागं एखादा कागद असेल, तर तो आज काढा. वर तारीख कोणती आहे, तेवढं पाहा. वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोरीला हाक मारा.