नवजात बाळाची परिचारिका



बाळ जन्मले की घरचे आधी विचारतात, ‘रडले का हो?’ रडले म्हणजे श्वास लागला. न रडले, तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याला श्वास देण्याची खटपट करावी लागते. त्या क्षणी बाळ बहुधा असते परिचारिकेच्या हाती. तो हात शिकलेला हवा.

शिकवण्याने काय होते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू इतर गावांच्या मानाने निम्म्याहून खाली आले.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या संग्रामपूरहून बुलढाण्याला यायचे म्हणजे घाट चढणे आले. कमी वजनाचे बाळ एवढ्या वाटेत गार पडते. त्याला टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीशी धरून आणावे, हे सांगणारी परिचारिकाच असते.

मग ही विद्या मिळते कशी? बारावीनंतर दोन वाटा आहेत. एक, तीन वर्षांचा जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम. त्याला बारावीत इंग्रजी लागते. दुसरी, चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, शिवाय प्रवेश परीक्षा आहेच. पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करायची. नंतर एक वर्ष रुग्णालयात काम केले, की नवजात परिचर्येची एक वर्षाची खास पदविका घेता येते. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रमही चांगला आहे, पण तेवढ्यावर ही खास पदविका मिळत नाही.

आईबापांनो, एक गोष्ट गाठीला बांधा. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशी पाटी दिसली, तर पैसे भरू नका! संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, ते आधी विचारा. मान्यता नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर पोरीचे कष्ट नि तुमचे सोयाबीनचे पैसे, दोन्ही पाण्यात.

गुरुजी आणि बाई, आता तुम्हांला. दीड किलोचे बाळ आहे. डॉक्टरांनी किलोमागे दिवसाला ६० मिलिलीटर दूध सांगितले. म्हणजे झाले ९० मिलिलीटर. दर दोन तासांनी पाजायचे, तर एका वेळी किती? साडेसात. हे आपल्या शाळेतलेच त्रैराशिक आहे. पण इथे दशांश चिन्ह चुकले, तर ते बाळाच्या जिवावर बेतते. म्हणून वर्गातल्या हुशार पोरीला ‘गणित-सायन्स तुला कशाला?’ असे कोणी म्हटले, तर तिच्या घरी जा आणि हे उदाहरण तिच्या वडिलांपुढे मांडा.

वडील आकडा समजून घेतील. बाळ साडेसात मिलिलीटर पिईल, आणि उद्या पुन्हा मागेल.