ग्रंथालयाचे सोहळे आणि गावचा वाचक

(कोहमारा, जिल्हा गोंदिया येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व ग्रंथालय कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदियाहून नवेगाव बांधकडे उतरणारा रस्ता जेथे एकमेकांस भेटतात, ते गाव कोहमारा. या नाक्यावरून धानाचे ट्रक जातात, लाकूड जाते, बाजारहाटाची माणसे जातात. याच रस्त्याने सडक अर्जुनी तालुक्यातील मुलेमुली उच्च शिक्षणासाठी नागपूरची वाट धरतात, कारण हा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. गावची मुले विद्यापीठाकडे जातात हे खरे. परंतु विद्यापीठाचे ग्रंथभांडार या रस्त्याने गावाकडे किती येते, हा प्रश्न विचारला पाहिजे. ग्रंथालयांतील कार्यक्रम, प्रदर्शने आणि पुरस्कार यांचा विचार आज याच प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

प्रदर्शनातील पोथी कोठून आली?

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयास डॉ. वि. भि. तथा भाऊसाहेब कोलते यांचे नाव देण्यात आले आहे आणि ते सर्वथा उचित आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यात १९०८ साली जन्मलेल्या कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनास आयुष्य वाहिले. पुढे ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ साली भोपाळ येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले.

या कार्यामागील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठीतील हा आद्य गद्य ग्रंथ शतकानुशतके मठांत आणि अनुयायांच्या घरी हस्तलिखित पोथ्यांच्या रूपाने राहिला. अनेक महानुभाव पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असत. ज्यांच्याजवळ पोथ्या होत्या त्यांनी त्या जपल्या, अभ्यासकांना पाहू दिल्या, म्हणून त्यांचा पाठ छापील रूपाने सर्वांच्या हाती आला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचे प्रदर्शन भरते तेव्हा काचेच्या पेटीतील पोथीवर शतक लिहिलेले असते, विषय लिहिलेला असतो. तिच्या शेजारी आणखी एक ओळ असावयास हवी : ही पोथी कोणत्या गावच्या कोणत्या घराने सांभाळली. ती ओळ वाचून एखाद्या शिक्षकास आपल्या गावातील पेटाऱ्याची आठवण होईल. प्रदर्शन यशस्वी झाले असे तेव्हाच म्हणता येईल.

दिनविशेषांचे प्रयोजन

ग्रंथालयांच्या पंचांगात आता बरेच दिवस आले आहेत. १२ ऑगस्ट हा डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा जन्मदिन ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. २७ फेब्रुवारीस कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन असतो आणि २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. विद्यापीठात, महाविद्यालयांत, शाळांत त्या त्या दिवशी प्रतिमापूजन होते, ग्रंथदिंडी निघते, व्याख्यान होते, पुस्तके टेबलांवर मांडली जातात.

यांत गैर काही नाही. उत्सवाशिवाय समाजाचे मन एकत्र येत नाही. परंतु रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिलेच सूत्र पुस्तकांच्या वापराविषयी आहे. पुढील सूत्रांत वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय सजीव वस्तूप्रमाणे वाढत राहावे असा आशय आहे. या कसोटीला लावले तर दिनविशेषाचा हिशेब सभागृहातील उपस्थितीवरून मांडता येणार नाही. तो देवघेव नोंदवहीवरून मांडावा लागेल. मांडलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तके पुढील महिन्यात वाचकांच्या घरी गेली? किती नवे सभासद झाले? दिवस संपल्यावर पुस्तके पुन्हा कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागले, तर तो दिवस पुस्तकांच्या वाट्याला आलाच नाही असे समजावे.

शाळांच्या बाबतीत हा विचार अधिक निकडीचा आहे. पुस्तक फाटेल, हरवेल आणि त्याची भरपाई आपल्या माथी येईल, या धास्तीने कित्येक ठिकाणी पुस्तके बंद राहतात. शिक्षकाच्या मनातील ही धास्ती दूर करणे पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांच्या हाती आहे. वापराने जीर्ण झालेले पुस्तक हा निष्काळजीपणाचा पुरावा नसून त्या शाळेच्या कार्याची पावती आहे, अशी दृष्टी तपासणीच्या वेळी ठेवली गेली पाहिजे.

बडोद्याचा धडा

पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचा एक थोर प्रयोग महाराष्ट्राच्या शेजारी शतकापूर्वी झाला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर आले. त्यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळेत शिकलेली अक्षरे पुढे पुस्तकांवाचून विसरली जातील, हे त्यांनी जाणले. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला.

त्या योजनेतील दोन गोष्टी आजच्या श्रोत्यांनी अवश्य लक्षात घ्याव्यात. पहिली, फिरत्या ग्रंथालयांची. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविल्या जात आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. एका गावात पेटी वाचून झाली की ती परत येई आणि दुसरी जाई. दुसरी गोष्ट खर्चाच्या वाटणीची. ग्रामग्रंथालयासाठी गावाने जितकी रक्कम उभी करावी तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, असे तत्त्व होते. गावाचा वाटा असल्यामुळे ग्रंथालय सरकारी न राहता गावाचे झाले. पंचायतीला ग्रंथालयाशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यांना बडोद्याने दिलेले हे उत्तर आजही ताजे आहे.

पुरस्काराचा अर्थ

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम १९६७ साली संमत झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ असे वर्ग आहेत आणि त्यांना शासनाचे सहायक अनुदान मिळते. राज्यात अशी अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत. त्यांतील उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने पुरस्कार देण्यात येतात. शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही विभागांतील चारही वर्गांसाठी हे पुरस्कार स्वतंत्र असतात. म्हणजे खेड्यातील ‘ड’ वर्गाच्या लहान ग्रंथालयाला शहरातील भव्य संस्थेशी झुंजावे लागत नाही. याखेरीज उत्कृष्ट कार्यकर्ते व सेवक यांना डॉ. रंगनाथन यांच्या नावे ग्रंथमित्र पुरस्कार दिले जातात.

ज्या दोन थोर पुरुषांची नावे या पुरस्कारांना आहेत, त्यांचा पुस्तकांशी असलेला संबंध विसरून चालणार नाही. बाबासाहेबांनी मुंबईत दादरला ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा व्हावी म्हणून. पुढे १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ज्या समाजाला पुस्तकाला हात लावण्याची मोकळीक नव्हती, त्या समाजातील मुलांसाठी ग्रंथालयाचे दार उघडणे हा त्यांच्या दृष्टीने मुक्तीचाच भाग होता. तेव्हा त्यांच्या नावाचा पुरस्कार मिळालेल्या ग्रंथालयाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : आपल्या गावातील कोणती वस्ती अजून आपल्या दारात आलेली नाही? शेतमजुरांच्या घरातील मुलगी आणि माध्यमिक शाळा सोडलेला तरुण यांची नावे सभासदांच्या यादीत आहेत काय?

विद्यापीठांत व महाविद्यालयांत उत्कृष्ट वाचक निवडण्याची प्रथा आहे. तीही स्वागतार्ह आहे. मात्र सर्वाधिक पुस्तके नेणारा तोच उत्तम वाचक, हे गणित पुरेसे नाही. वाचलेल्या एका पुस्तकाविषयी चार माणसांत नीट बोलता येणे, आणि ते ऐकून आणखी दोघांनी ते पुस्तक मागणे, हे अधिक मोलाचे आहे. गावातील शाळांनी असा पुरस्कार ठेवावा. त्याला खर्च येतो तो फक्त एका पुस्तकाचा.

नवेगाव बांधचे उदाहरण

हे सर्व दूरचे वाटत असेल तर कोहमाऱ्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहावे. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले. या उपक्रमाच्या विस्तारासाठी शासनाने जी गावे निवडली, त्यांत वेरूळ, पोंभुर्ले आणि अंकलखोप यांच्यासमवेत नवेगाव बांधचा समावेश झाला.

नवेगाव बांधला हा मान मिळणे सहज समजण्यासारखे आहे. तेथील विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला. त्याच परिसरात वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली येथील वन, पक्षी आणि माणसे यांच्यापासून शिकले. वनात वावरणाऱ्यांच्या तोंडचे शब्द त्यांनी मराठी साहित्यात आणले. २००६ साली सोलापूर येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथांतील ज्ञानाचा मोठा भाग या मातीतून गेला आहे. तो या मातीतील मुलांच्या वाचनात परत आला नाही, तर ती देवघेव अपुरी राहील.

गावाने काय करावे?

कोहमारा व परिसरातील शाळा, ग्रंथालये आणि पंचायती यांना पुढील गोष्टी फारशा खर्चावाचून करता येतील.

पहिली गोष्ट, गावाचे स्वतःचे प्रदर्शन. माजी मालगुजारी तलावांचे, म्हणजे आपल्या मामा तलावांचे जुने कागद व नकाशे, दंडारीची हाताने लिहिलेली वही, झाडीपट्टीतील नाटकांची हस्तपत्रके, आजीच्या तोंडच्या झाडीबोलीतील शब्दांची विद्यार्थ्यांनी केलेली यादी, जुन्या धानवाणांची नावे, यांतून एका खोलीत उत्तम प्रदर्शन उभे राहते. वस्तू मालकाच्याच राहाव्यात, त्यांची रीतसर पोच द्यावी आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. वाळवी आणि पावसाची ओल कोणाची वाट पाहत नाहीत. एका पावसाळ्यात पेटारा भिजला की दोनशे वर्षांचा कागद गेला. जुनी हस्तलिखिते आढळल्यास विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा सल्ला घ्यावा आणि कागद घरगुती उपायांनी चिकटवू नयेत.

दुसरी गोष्ट, पुस्तकपेटी. बडोद्याची लाकडी पेटी आजही जुनी झालेली नाही. केंद्रशाळेने परिसरातील शाळांसाठी अशा पेट्या फिरवाव्यात. एका शाळेत पेटी महिनाभर राहावी आणि शिक्षकांच्या मासिक परिषदेच्या दिवशी तिची अदलाबदल व्हावी.

तिसरी गोष्ट, नव्या साधनांची ओळख. भारतातील विद्यापीठांना सादर झालेले पीएच. डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोशही आता विनामूल्य पाहता येतो. ग्रामपंचायत कार्यालयातील संगणक आठवड्यातून एक सायंकाळ विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवला, तर विद्यापीठाच्या कपाटांचा काही भाग कोहमाऱ्यात उघडेल.

चौथी गोष्ट, जिल्हा ग्रंथोत्सव. ग्रंथालय संचालनालयाच्या वतीने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरविले जातात. त्यास प्रतिनिधी पाठविताना पंचायतीने त्यांच्या हाती पुस्तकांची यादी द्यावी. ती यादी आधी शाळेत आणि महिलांच्या बचत गटात विचारून केलेली असावी. म्हणजे खरेदी वाचकांच्या मागणीची होईल.

आणि शेवटची गोष्ट, ग्रामसभा. वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे ग्रंथालयाचा अहवाल वाचला जावा. त्यात समारंभांची वर्णने थोडक्यात असावीत. किती पुस्तके घरोघर गेली, किती स्त्रियांनी नेली आणि कोणत्या वस्तीतून एकही सभासद नाही, हे तीन आकडे मात्र स्पष्ट शब्दांत सांगितले जावेत.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मांडलेले प्रदर्शन पाहण्यास कोहमाऱ्यातील प्रत्येकाला जाता येणार नाही. पण तेथे मांडण्याजोगे बरेच काही कोहमाऱ्याच्या घरांत आहे आणि तेथील ग्रंथांत जे आहे त्याची गरज कोहमाऱ्याच्या मुलांना आहे. ही दोन टोके जोडण्याचे काम शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही साधणार नाही. येत्या वाचन प्रेरणा दिनी या परिसरातील प्रत्येक शाळेतून प्रत्येक मुलाच्या हाती एक पुस्तक घरी जावे आणि आठवड्याने ते बदलून दुसरे मिळावे, एवढा संकल्प आजच्या सभेने केला तरी तिचे सार्थक होईल.