परदेशातला वाढदिवस आणि पगारी रजा



आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. संपावर, महागाईवर, फार तर बोनसवर बोलणारी कामगार संघटनेची माणसे परदेशातल्या वाढदिवसावर काय बोलणार? चिटणीसांनीही आम्हांला दोनदा विचारून खात्री करून घेतली. परंतु हा विषय आता यवतमाळातही घरोघर निघू लागला आहे. वडिलांची साठी असो, आजीची पंचाहत्तरी असो की नातवाचा पहिला वाढदिवस असो, पूर्वी अंगणात मांडव पडत असे, आता मुले म्हणतात, "या वेळी सिंगापूरला करू." आपल्या जिल्ह्याने सिंगापूर हे नाव एकदा फार दुःखाने ऐकले आहे. गहुलीचे वसंतराव नाईक १८ ऑगस्ट १९७९ रोजी तिथे वारले. आज त्याच गावाची सहल निघते, आणि ओट्यावर बसलेली मंडळी म्हणतात, "पैसा फार झाला यांना!"

ओट्यावरच्या मंडळींशी आमचे इथेच भांडण आहे. ज्याने पंचवीस-तीस वर्षे नोकरी केली, त्याने आठ दिवस बायकामुलांना घेऊन समुद्रापलीकडे जावे, याचा हेवा कशाला? आपल्या भागातून परदेशी जाणारा मोठा प्रवासी होता तो कापूस. त्याच्या प्रवासाची सोय इंग्रज कंपनीने किती अगत्याने केली ते पाहा. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी छोटी रेल्वे टाकली. तीच आपली शकुंतला. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले होते आणि ते १९९४ पर्यंत राबले. गठाणी मुंबईला, मुंबईहून विलायतेला. ज्यांनी ती गठाण बांधली त्यांनी मूर्तिजापूरच्या पलीकडचे स्टेशन पाहिले असेलच असे नाही. कापूस गेला तेव्हा कोणी "पैसा फार झाला" म्हटले नाही. माणूस निघाला की म्हणतात.

असे नाक मुरडणे नवे नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि लेआँ ब्लूम यांच्या सरकारने जून महिन्यात कायदा करून कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. त्या उन्हाळ्यात सवलतीच्या रेल्वे-तिकिटावर लाखो कामगार कुटुंबे निघाली. कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तेव्हा तिथल्या श्रीमंत मंडळींना आपले किनारे विटाळल्यासारखे वाटले. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने एका वर्षाच्या नोकरीनंतर निदान सहा दिवस पगारी रजा द्यावी असा करार केला. सहाच दिवस, पण पगारी! रजा आणि पगार हे दोन शब्द एका ओळीत यायला जगाला किती वेळ लागला, याचा आपण विचार करावा.

आपल्याकडे नोकरदारांना प्रवासाची सवलत मिळते, पण तिची वेस देशाच्या हद्दीपाशी संपते. यावरून एक मौजेचा खटला झाला. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी दिल्लीहून मदुराईला जायचे म्हणून सवलत घेतली, आणि मदुराईहून कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर करून पुन्हा कोलंबोमार्गे दिल्ली गाठली. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही करसवलत भारतातल्या भारतात जाण्यासाठी आहे. वळसा घालून परदेश पाहणाऱ्यासाठी नाही. निकाल कायद्याला धरूनच आहे. पण मदुराईला जाताना क्वालालंपूर वाटेत लागते असे ज्यांना वाटले, त्यांच्या भूगोलाचे आम्हांला कौतुक वाटल्यावाचून राहवत नाही.

हे झाले ज्यांच्याकडे रजा आहे त्यांचे. आमची माणसे निराळी. वाढदिवस करायचा तर आधी तारीख पाहिजे. आमच्याकडे जन्मतारखेची आठवण निघते ती बहुधा निवृत्तीची नोटीस आल्यावर. वणीकडच्या कोळसा खाणीतला कामगार असो की नगरपालिकेतला झाडूवाला असो, मास्तरांनी शाळेत घातलेली किंवा भरतीच्या कारकुनाने अंदाजे लिहिलेली तारीख त्याच्या कपाळी असते. ती चुकली असे त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळते, आणि तोवर दार बंद झालेले असते. हरनाम सिंग यांच्या १९९३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केंद्र सरकारच्या नोकराने तारखेची दुरुस्ती नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आतच मागितली पाहिजे. ज्याच्या घरी कधी वाढदिवसच झाला नाही, त्याने पाच वर्षांत काय तपासायचे?

आमच्या संघटनेतल्या एका बाईंची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी सत्तावीस हंगाम काढले. डोक्यावर टोपले, नाकाला पदर, आणि दिवसभर रुईची धूळ. मुलगा शिकला, पुण्याला कारखान्यात लागला. आईची साठी सिंगापूरला करायची असे त्याने मनात घेतले. पासपोर्ट काढताना जन्मतारखेचा प्रश्न आला. बाईंची माय सांगत असे, "तू तान्ह्या पोळ्याची हायस, पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारात उभे होते." आता ही तारीख कोणत्या कचेरीत चालणार? आधार कार्डावर १ जानेवारी १९६३ अशी लागलेली होती, तीच पासपोर्टावर चढली. मुलाची रजाही नाताळला जोडूनच मिळत होती, म्हणून पोळ्याचा हट्ट कोणी धरला नाही.

१ जानेवारी २०२३. हॉटेलवाल्यांनी पासपोर्ट पाहून खोलीवर केक पाठवला. वर मेणबत्ती. सुनेने सांगितले, "आई, फुंकर मारा." बाई म्हणाल्या, "दिवा फुकतात का बाप्पा कुठी?" आपल्या औक्षणात दिवा लावायचा असतो, आणि इथे विझवायचा! शेवटी मेणबत्ती काढून ठेवली. खोलीत निरांजन लावले तर धुराची घंटा वाजेल म्हणून सुनेने सुपारी आणि अंगठीनेच ओवाळले. बहीण घाटंजीहून फोनवर पाहत होती. केक गोड होता, एवढे बाईंनी कबूल केले.

तो दिवस रविवार होता. दुपारी ही मंडळी एका बागेत गेली. झाडाखाली सतरंज्या पसरून बायका बसल्या होत्या. मधे केक, भाताचे डबे, गाणी चाललेली. मुलाने चौकशी केली. या इंडोनेशिया-फिलिपीन्सकडच्या मोलकरणी. मालकाच्या घरीच राहतात. एकीचा वाढदिवस बुधवारी होऊन गेला होता. बुधवारी ती दुसऱ्याच्या पोराला भरवत होती; तिचा बुधवार रविवारी साजरा होत होता.

बाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. "आपल्यावाणीच हायत," एवढेच म्हणाल्या.

मंडळी, परदेशातला वाढदिवस म्हणतात तो हाही आहे. हाँगकाँगमध्ये अशा तीन लाखांहून अधिक बायका घरकाम करतात, आणि रविवारी भर शहरात, मोठमोठ्या बँकांच्या इमारतींखाली, पुठ्ठे अंथरून बसतात. तिथेच जेवण, तिथेच वाढदिवस, तिथूनच घरच्या पोरांना फोन. सिंगापूरला तर परदेशी मोलकरणींना आठवड्याची सुटी कायद्याने मिळू लागली ती २०१३ पासून, आणि तीही पैसे देऊन मालकाला विकत घेता येत असे. महिन्यातली निदान एक सुटी विकत घेता येणार नाही, असा नियम लागू झाला तो १ जानेवारी २०२३ पासून. म्हणजे आमच्या बाई ज्या दिवशी त्या बागेत उभ्या होत्या, नेमक्या त्याच दिवसापासून. हे आम्हांला मागाहून वाचनात सापडले. बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "एकच?"

या रविवारची कुळी आपल्या ओळखीची आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून सभा घेतल्या, हजारोंच्या सह्यांचे अर्ज दिले, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. तोवर गिरणीतल्या माणसाला ठरलेला सुटीचा वारच नव्हता. पोराचे बारसे, बहिणीचे लग्न, बापाचे श्राद्ध, सारे काही खाडा धरून, पगार कापून. जोतीरावांचा हा अनुयायी नसता तर आपल्या घरच्या कार्यांना रविवारचा मुहूर्त कोणी काढला असता?

आता आपल्या जिनिंगकडे वळू. १९४८ च्या कारखाना कायद्यात पगारी रजेची अट होती की, कॅलेंडरच्या वर्षात २४० दिवस काम भरले पाहिजे. मग वीस दिवसांना एक दिवस रजा. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे आटोपतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत शंभर धरा, नोव्हेंबर-डिसेंबरचे पन्नास धरा, दीडशे झाले. २४० कुठून आणायचे? त्या बाईंचे सत्तावीस हंगाम झाले आणि पगारी रजेचा एक दिवस त्यांच्या नावावर नाही. सिंगापूरला त्या गेल्या त्या मुलाच्या रजेवर.

२०२० च्या नव्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. त्या संहितांतल्या इतर कित्येक गोष्टींशी आमचा झगडा आहे, तो आजचा विषय नाही. पण हे १८० आम्ही सोडणार नाही. कापूस जास्त आला आणि हंगाम लांबला तर काही जिनिंगमध्ये १८० दिवस भरू शकतात. भरू नयेत म्हणून काय होते तेही आम्हांला ठाऊक आहे: मधेच ठेकेदार बदलतो, हजेरीपट नवा होतो, नाव तेच पण दिवस पुन्हा एकपासून. म्हणून सभेत जी जिनिंगवाली मंडळी बसली असतील त्यांनी हजेरीची प्रत्येक चिठ्ठी, मजुरी बँकेत जमा झाल्याची प्रत्येक नोंद आतापासून जपून ठेवावी. ठेकेदार बदलला तर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी. लिहिता येत नसेल तर आमच्या कचेरीत यावे. संध्याकाळी सहानंतर कोणी ना कोणी असतेच, आणि वही आम्ही देतो.