पदक, माती आणि पेला

महाबळेश्वरच्या डोंगरावर कृष्णा आणि सावित्री या दोन नद्या एकाच देवळांत उगम पावतात, अशी आपली श्रद्धा आहे. सावित्री पश्चिमेस उतरते आणि पोलादपूर, महाड व ऊन पाण्याच्या झऱ्यांचें सव या बाजूनें समुद्राकडे जाते. कृष्णा पूर्वेची वाट धरते आणि कऱ्हाडास कोयनेला भेटते. त्या कऱ्हाडाजवळच्या गोळेश्वर गांवीं १९२६ सालीं एक मुलगा जन्मास आला. त्यानें मिळविलेल्या धातूच्या एका लहानशा तुकड्यापासून आजच्या विषयास आरंभ करतों. खेळांचा इतिहास हा आपल्या संस्कृतीचा वारसा आहे काय, आणि असल्यास तो कसा जतन करावा, हा तो विषय.

त्या मुलाचें नांव खाशाबा जाधव. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें, तर जवळ पैसा नव्हता. तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कुस्तीचें कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताला मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरें मिळावयास १९९६ साल उजाडावें लागलें. खाशाबा १९८४ सालीं अपघातांत वारले. पुढें २०१७ सालीं वृत्तपत्रांतून एक वार्ता आली: गांवीं कुस्तीचें प्रशिक्षणकेंद्र उभें राहावें, त्यासाठीं हें पदकच लिलावांत काढण्याचा विचार कुटुंबानें बोलून दाखविला होता.

ती वार्ता वाचून पुष्कळांस हळहळ वाटली. पण नुसत्या हळहळीनें काय होणार? जें पदक साऱ्या राष्ट्राचें म्हणून आपण मिरवितों, तें सांभाळण्याची आणि त्याचें चीज करण्याची चिंता एकट्या घराच्या माथीं कां असावी? शिवाय, तें पदक उद्यां कांचेच्या पेटींत नेऊन ठेवलें तरी काम अर्धेंच होईल. त्याच्या शेजारीं त्या गहाण पडलेल्या घराची हकीगत लिहिलेली नसेल, तर पाहणाराला दिसेल तें केवळ कांसें. यशामागें किती माणसांचा जीव गुंतला होता, तें त्याला कळणार नाहीं.

परदेशांत ही गोष्ट ओळखली गेली आहे. लंडनला लॉर्ड्सच्या मैदानावरील संग्रहालयांत 'ॲशेस'चा कलश आहे. तो मातीचा आहे, आणि उंचीला चार इंचांच्या आसपास. बाजारांत मांडला तर कोणी ढुंकून पाहणार नाहीं. पण इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या चुरशीची कथा त्याला चिकटलेली आहे, म्हणून लोक तो पाहावयास दुरून येतात. स्वित्झर्लंडमध्यें लोझान येथें १९९३ सालीं ऑलिंपिक संग्रहालय उघडलें. आपल्याकडे पुण्यास २०१२ सालापासून क्रिकेटचें एक संग्रहालय आहे, ही आनंदाची गोष्ट होय. बॅट, चेंडू, सदरे, हातमोजे अशा वस्तू क्रिकेटपाशीं मुबलक आहेत. मांडावयाला अडचण पडत नाहीं.

आपल्या देशी खेळांची गोष्ट निराळी. हुतुतूला काय लागतें? चार रेघा आणि छातींत दम. सामना संपला कीं रेघा पुसल्या जातात आणि दम वाऱ्यावर जातो. मग पेटींत ठेवावयाचें काय? कुस्तीचेंही तेंच. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान १९१२ सालीं तयार झालें. मध्यें हौदा आणि सभोंवार चढती बैठक, अशी त्याची रचना आहे. मागच्या माणसालाही कुस्ती दिसावी, ही त्यांतली दृष्टि. तालमींतली तांबडी माती चाळावी लागते, तींत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालावा लागतो, आणि ती वरचेवर उकरावी लागते. तालीम बंद पडली कीं तीच माती दगडासारखी होते. असा वारसा कांचेआड टिकत नाहीं. तो वापरांत राहिला तरच जगतो. म्हणून देशी खेळांच्या संग्रहालयाला लागून एक चालता आखाडा असलाच पाहिजे, असें माझें मत आहे.

आणि जें हातीं धरतां येत नाहीं, तें टिपून ठेवलें पाहिजे. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. ते एक छापील संग्रहालयच म्हणावें. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनें बर्लिनला जाऊन हुतुतूचें प्रात्यक्षिक दाखविलें. आज ध्वनि आणि चित्र दोन्हीं टिपण्याचीं साधनें घरोघर आहेत. गांवच्या जुन्या खेळाडूच्या तोंडून डावांचीं नांवें, पंचांशीं झालेले तंटे, हरलेल्या सामन्यांची सल हें सारें ऐकून ठेवावयास आतां पैसा लागत नाहीं, सवड लागते. आणि ती सवड वृद्धांपाशीं फार उरलेली नाहीं.

शेवटीं एका वस्तूविषयीं बोलतों, जी कोणीं जपून ठेवली नसेल. पळवणकर बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक बळी घेतले. पण ते चांभार समाजांतले. म्हणून पुण्याला हिंदु संघांतून खेळतांना आरंभीं चहाच्या वेळीं ते मंडपाबाहेर बसत, आणि चहा त्यांना मातीच्या निराळ्या पेल्यांत मिळे. मैदानावर चेंडू सर्वांचा एक. पेला मात्र वेगळा! हिंदु संघाचें नेतृत्व बाळूंना कधीं मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९२७ च्या २० मार्चला, महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्याले. मैदानावरचा पेला आणि महाडचें तळें यांचा प्रश्न एकच होता. संग्रहालयांत बाळूंचे बळी मोजून दाखवाल आणि पेला लपवाल, तर तो इतिहास नव्हे, ती जाहिरात होईल.

तेव्हां वारसा म्हणजे नुसतें पदक नव्हे. पदक, माती आणि पेला हीं तिन्हीं एकत्र मांडावीं. पदक सांगेल कीं आम्ही काय मिळविलें. माती सांगेल कीं तें कशाच्या बळावर. आणि पेला सांगेल कीं कोणाला किती मोल द्यावें लागलें.

यासाठीं मुंबईपुण्याच्या भव्य इमारतीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. महाडसारख्या गांवीं वाचनालयाची एक खोली, सवसारख्या खेड्यांत शाळेची एक भिंत आरंभास पुरे आहे. आणि श्रोतेहो, त्याहीपूर्वीं एक काम आपल्या घरांत आहे. भिंतीवर किंवा पेटींत एखाद्या संघाचें जुनें छायाचित्र असेल. आज रात्रीं तें खालीं काढा. घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून त्यांतल्या प्रत्येकाचें नांव, गांव आणि साल मागच्या बाजूस लिहा. ज्या चेहऱ्याचें नांव कोणालाच आठवत नाहीं, त्याच्यापुरता आपल्याला उशीर झाला, असें समजा. आणि उरलेल्यांसाठीं तो होऊं देऊं नका.