बिनतारी इंटरनेट आणि चोख माप
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पायली, शेर आणि तराजू यांच्याशी आपल्या ज्ञातीचे नाते पिढ्यानपिढ्यांचे आहे. आज आपल्यातील काही होतकरू तरुणांनी कोकणातील वाड्यावाड्यांवर बिनतारी इंटरनेट पुरविण्याचा व्यवसाय आरंभिला आहे. म्हणून कार्यकारी मंडळाने हा विषय आम्हांस नेमून दिला. धंदा नवा असला तरी माप चोख हवे, हेच आमचे सांगणे. मात्र येथे मापावयाचे ते काय, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे.

टेकडीवरील मनोऱ्यावरून घराच्या छपरावरील अँटेनाकडे लहरी जातात. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ठरावीक लहरींसाठी वेगळ्या परवान्याची अट सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढून टाकली. सेवेचा परवाना लागतोच. पण या लहरींचे मोल द्यावे लागत नाही. तथापि, लहरी फुकट मिळाल्या तरी वेळ फुकट मिळत नाही. मनोऱ्यावरचे यंत्र सामान्यतः एका क्षणी एकाच घराशी बोलते. समजा, त्याची शक्ती सेकंदास १०० मेगाबिट आहे आणि त्यावर ४० घरे आहेत. रात्री नऊ वाजता सर्वांनी एकदम मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्यास अडीच मेगाबिट येतात. पहाटे तीन वाजता तेच यंत्र रिकामे बसलेले असते. तेव्हा महिन्याकाठी किती मजकूर उतरविला यावर दर आकारणे न्यायाचे नव्हे. खर्च वाढतो तो रात्रीच्या गर्दीमुळे. म्हणून दर वेगावर ठेवावा, आणि गर्दीच्या वेळी निदान किती वेग मिळेल तो आकडा पावतीवर लिहून द्यावा.

दुसरी गोष्ट दूरच्या घराची. समोर आंबा-फणसाची दाट राई असली, की लहरी क्षीण होतात. पावसाळ्यात ओल्या पानांमुळे अधिकच. क्षीण लहरींवर तेवढाच मजकूर पोचविण्यास यंत्रास जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ शेजाऱ्यांच्या वाट्यातून जातो. एका घरचा उंच खांब वाचविला, तर त्याची किंमत सारी वाडी मोजते. अशा घरास नाकारू नये, की त्याजकडून दरमहा जादा दरही घेऊ नये. खांबाचा खर्च एकदाच सांगावा आणि हप्त्यांनी घ्यावा.

आता घराच्या आतील गोष्ट. अँटेनापर्यंतचा मार्ग वेगळा आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतचे वायफाय वेगळे. गिऱ्हाईक मात्र दोन्हींस ‘नेट’ म्हणते. तक्रार आली, की प्रथम अँटेनाच्या तारेस संगणक थेट जोडून वेग पाहावा. तेथे वेग पुरा भरला, तर दोष घरात आहे असे समजावे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर, ही त्याची नित्याची कारणे. राउटर माजघरात, उंच फळीवर, मोकळा ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे अधिक पोचतात. परंतु त्यांत एकमेकांस न अडविणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीस लवकर हार खाणाऱ्या. मोठ्या घरास कधी दुसरे यंत्र लागते, ते तारेने जोडावे. अशा वेळी भिंतीच्या दुखण्यावर ‘मोठा प्लॅन घ्या’ असे औषध देणे हे आम्ही मापातील पाप समजतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, दुखणे राहते आणि आपली पत जाते.

कित्येक व्यावसायिक राउटरची देखभाल दुरून स्वतः करतात. ज्या घरी वृद्ध माणसेच राहतात, तेथे ही मोठी सोय आहे. परंतु त्याचे भाडे बिलात वेगळे दाखवावे, ज्यास स्वतःचा राउटर वापरावयाचा असेल त्यास मोकळीक असावी, आणि अठरा टक्के जीएसटी धरून होणारी रक्कम आधीच सांगावी. पासवर्ड घरधन्याच्या हाती असावा. घरात कोणती उपकरणे चालू आहेत हे देखभाल करणाऱ्यास दिसू शकते. ते पाहून चार ठिकाणी बोलणे म्हणजे परक्याच्या माजघरात डोकावणे होय.

मापाची आणखी एक खूण लक्षात ठेवावी. आठ बिटांचा एक बाइट होतो. चाळीस मेगाबिटांच्या वेगाने सेकंदास फार तर पाच मेगाबाइट येतात. हे न सांगता चाळीसचा डंका पिटणे म्हणजे शेराच्या नावाखाली अर्धपाव देण्यासारखे आहे.

ज्यांस दरमहाचे बिल परवडत नाही, त्यांनाही विसरू नये. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेनुसार लहान दुकानदारास परवाना वा शुल्क न देता सार्वजनिक वायफाय चालविता येते. किराणा मालाबरोबर थोडे थोडे इंटरनेट विकण्यास आपल्या दुकानांइतकी योग्य जागा दुसरी कोणती?

तरुण बंधूंनो, आज मुलांचे अर्ज, शेतकऱ्याचे सातबारे आणि मुंबईस गेलेल्या लेकाचे दर्शन, सारे या लहरींवरून येते. वाडीवर दुसरा पुरवठादार नसतो, म्हणून गिऱ्हाईक गप्प बसते. त्या गप्प बसण्यास संमती मानू नका. वाडवडिलांनी राखलेली तराजूची दांडी तुमच्या हातीही सरळ राहो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.