इंग्रजीच्या वर्गातील शहर आणि आपले यवतमाळ

(यवतमाळ जिल्ह्यातील इंग्रजी विषयाच्या शिक्षकांपुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



वरच्या वर्गांना इंग्रजी शिकविताना 'शहरी जीवन' हा विषय वारंवार येतो. वाहतूक, उपनगरे, घरांची टंचाई, शेजाऱ्यांचा अपरिचय या अनुषंगाने शब्दसंग्रह, निबंध व संभाषण शिकविले जाते. हा विषय उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तो आपल्या जिल्ह्यात कसा शिकवावा, याविषयी काही विचार आपणांपुढे मांडावयाचे आहेत.

प्रथम स्वतःचा अनुभव सांगतो. मी कला शाखेचा पदवीधर. राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले ते २००० साली. माझ्या पिढीची इंग्रजीशी ओळख पाचवीत होई. महाविद्यालयात शहरी जीवनावरील इंग्रजी निबंध मला तोंडपाठ होता. फायदे चार, तोटे चार. पुढे एका नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईस गेलो. समोरच्या गृहस्थांनी इंग्रजीतून इतकेच विचारले, "तुमचे गाव कसे आहे? तेथील लोक काय करतात?" कापसाने भरलेल्या गाड्या, बाजार समितीतील लिलाव, आठवडी बाजार हे सारे डोळ्यांपुढे उभे राहिले, पण एक वाक्य जुळेना. न पाहिलेल्या शहराचे इंग्रजी मजजवळ होते, पाहिलेल्या गावाचे नव्हते. ती नोकरी मला मिळाली नाही.

आजही परिस्थिती फारशी पालटलेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील शेकडा ४५ लोक शहरांत राहत होते. आपल्या जिल्ह्यात मात्र शेकडा ७५ हून अधिक लोक खेड्यांत राहत होते. कित्येक घरांत गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलली जाते. त्या मुलांना मराठीही शाळेतच शिकावी लागते. अशा विद्यार्थ्याला इंग्रजी उताऱ्यातील शब्द अडतो असे आपण समजतो. वास्तविक त्याला अडते ते त्या शब्दामागील चित्र.

'कम्यूटर' हा शब्द घ्या. कोशातील अर्थ फळ्यावर लिहून आपण पुढे जातो. पण एस. टी.चा पास खिशात घालून रोज सकाळी दारव्हा किंवा पांढरकवडा गाठणारा आपला विद्यार्थी स्वतःच 'कम्यूटर' आहे. हे त्याला एकदा सांगावे, म्हणजे तो शब्द त्याचा होईल. रांग, गर्दी, चुकलेली गाडी, भाड्याची खोली, यांतले त्याला अपरिचित असे काय आहे?

थोर लेखकांनीही शहर असेच जवळून पाहिले. कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांनी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काव्यलेखन केले. मुंबईतील काळा घोडा परिसरातील एका उपाहारगृहात बसून समोरच्या रस्त्यावरील माणसे त्यांनी न्याहाळली आणि २००४ साली त्यांचा 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला. एवढ्या अफाट मुंबईचे दर्शन घडविण्यास त्यांना एक चौक पुरला. आपल्या विद्यार्थ्याला यवतमाळचा दत्त चौक किंवा बसस्थानक का पुरू नये?

या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना मराठीच्या आधाराची. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' या १९६६ च्या संग्रहात कामगारांची मुंबई आहे. त्यातील एखादी कविता वाचून मग निसीम इझिकेल यांच्यासारख्या मुंबईकर कवीच्या इंग्रजी कवितेकडे वळावे. चित्र आधी मनात उभे राहिले, की परकी भाषा जड जात नाही.

दुसरी सूचना प्रत्यक्ष निरीक्षणाची. विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या बाजारपेठेत तासभर उभे राहावे, पाहिलेले टिपून ठेवावे आणि वर्गात इंग्रजीतून सांगावे. तहसील कार्यालय, बँक आणि बाजार समिती येथील अधिकाऱ्यांनी अशा मुलांना अर्धा तास द्यावा. शासकीय कामकाजाची ओळख होईल, हा त्यातील आणखी एक लाभ.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शहराविषयीच्या प्रत्येक पाठानंतर एक उलट पत्र लिहून घ्यावे. यवतमाळ कधीही न पाहिलेल्या शहरवासीयाला विद्यार्थ्याने आपले गाव इंग्रजीतून समजावून सांगावे. सरकीपासून रुई वेगळी कशी करतात, पाऊस लांबला म्हणजे घरात काय घडते, हे लिहिताना तयार निबंधांची पुस्तके उपयोगी पडत नाहीत. तेथे भाषेचा खरा कस लागतो.

पंचायत सदस्यांना एकच विनंती. गावच्या वाचनालयात एक इंग्रजी वृत्तपत्र आणि एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवावा. शाळा सुटल्यानंतरही मुलांना ते हाताळता यावेत, अशी व्यवस्था असावी.

आपली मुले पुण्या-मुंबईस जाणारच आहेत. तेथे कोणी त्यांना गावाविषयी विचारील, तेव्हा त्यांनी माझ्यासारखी मान खाली घालू नये, एवढीच अपेक्षा. शहराचा पाठ शिकविताना आपण त्यांच्या मुखी त्यांच्या गावाचीही भाषा दिली, तर ही अपेक्षा पूर्ण होण्यास विलंब लागणार नाही.